रिबकाबाई चार वाजता येणार आहेत

अहो,

लिहायला बसले खरी, पण पहिल्याच शब्दाला अडले. 'प्रिय' लिहू की आणखी काही? जन्मभर 'अहो' म्हटलं, तेच बरं. तुम्ही गेल्यापासून सात महिन्यांत तुमच्याशी बोलले नाही असं नाही. भट्टीपुढे उभी राहून रोजच बडबडते. पण आज बोलून भागायचं नाही. आज चार वाजता रिबकाबाई थळकर लग्नाच्या केकाचं बोलायला येणार आहेत, आणि त्या यायच्या आत एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकायची आहे. चौदा वर्षं पोटात ठेवली आहे. तोंडाने निघत नाही, म्हणून कागदावर.

हो, त्याच रिबकाबाई! इस्राएल आळीतल्या. दचकलात ना? मी काय कमी दचकले?

गुरुवारी सकाळी त्यांची धाकटी मुलगी मोझेल दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मी कणकेत कोपरापर्यंत. ती म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. आईने विचारलंय, केकाचं बोलायला कधी यावं?" शनिवारी त्यांची ज्यू लोकांची शब्बाथाची सुट्टी, रविवारी आपली चर्चमधली उपासना, म्हणून आजचा सोमवार ठरला. ती गेल्यावर मी तशीच उभी होते. पावाचं पीठ ताडीने फुगून परातीबाहेर आलं तरी माझं लक्ष नाही.

चौदा वर्षांत त्या आळीतून कुणी आपल्याकडे साधी नानकटाई मागितली नाही. मग आता केक? थळकरांना हवा असता तर मुंबईहून बोटीने आला असता. मग माझ्याकडे का? केक सांगायला येतायत, की तुम्ही गेलात आता हिला तरी दोन शब्द ऐकवू म्हणून येतायत? चार दिवस हेच डोक्यात. 

तुम्ही असता तर काय तयारी केली असती ते मला ठाऊक आहे. पांढरा कोट, मिशांना तेल, आणि जिथे केक शिकलात त्या मलबार हिलच्या साहेबाच्या बंगल्यातल्या गोष्टी! गिऱ्हाईक पायरी चढतं न चढतं तोच तुमची गाडी सुटायची. "आमच्या साहेबाच्या मुलीचा केक तीन मजली होता, बाई!" समोरच्याने हूं म्हणायचं आणि घरी जायचं. रागावू नका, पण खरं तेच लिहिते आहे.

त्या दिवशी तरी रिबकाबाईंना तुम्ही बोलू दिलंत का? त्यांच्या थोरलीचं लग्न होतं. तासभर तुम्ही बोललात. त्या बाईने जाता जाता एवढंच विचारलं, "आमच्या जेवणाला चालणार नाही असं काही नाही ना यात?" आणि तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "छे छे! चरबीचा थेंब नाही. शुद्ध माल!" तुम्हाला वाटलं, त्या डुकराच्या चरबीचं विचारतायत. तेवढंच तुम्हाला ठाऊक. पुढे एकच प्रश्न विचारायचा होता हो. जेवणात काय आहे?

जेवणात मटण होतं. आणि इस्राएल लोक मटणाच्या जेवणावर दुधाचं काही खात नाहीत. दूध नाही, दही नाही, तूप नाही, लोणी नाही. त्यांचा धर्मच आहे तो. म्हणून तर त्यांच्या घरी पुलाव नारळाच्या दुधातला आणि हलवाही नारळाच्या दुधातला.

आणि तुम्ही काय केलंत? पंगत उठली, मांडवात केक कापला, ताटल्या फिरल्या, आणि तुम्ही मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात सांगितलंत, "मंडळी, बिनधास्त खा! चरबीचा अंश नाही. आठ डबे लोणी घातलंय, मुंबईचं, अस्सल!"

मी मागाहून चालत आले होते, बायकांत मागे उभी होते. रिबकाबाईंच्या सासऱ्यांचा हात तोंडापर्यंत गेला होता. तो खाली आला. त्यांनी ताटली जमिनीवर ठेवली. मग शेजारच्याने ठेवली. मग सगळ्यांनी. रिबकाबाईंनी नवरीच्या हातातला तुकडा हळूच काढून घेतला. कुणी आवाज चढवला नाही. उलट तुम्हाला सरबत दिलं, उन्हात जाऊ नका म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर परवडल्या असत्या! कापलेला केक गेला त्याच बैलगाडीतून परत आला. वरचे साखरेचे गुलाब तेवढे नव्हते. तुम्ही म्हणालात, गाडीच्या हिसक्याने पडले असतील.

त्यानंतर तुम्ही त्या आळीतून कधी गेला नाहीत. बंदरावर जायचं तरी लांबचा वळसा. मला किती राग यायचा! एकदा जाऊन 'चुकलो' म्हणायला काय झालं होतं? जीभ झिजली असती? एवढं बोलणारा माणूस, आणि नेमकं त्याच ठिकाणी दातखीळ! चौदा वर्षं मी मनात तुम्हाला हेच ऐकवत आले.

पण हे तुम्हाला ऐकवायचा मला हक्क नाही. कारण मला ठाऊक होतं.

लिहिलं बाई एकदाचं.

मी रेवदंड्याला इस्राएलांच्या शेजारात वाढलेली. साराबाईंच्या ओटीवर माझं अर्धं लहानपण गेलं. मटण केलं की त्या दिवशी त्यांचा चहा बिनदुधाचा, हे मला परकर नेसायच्या वयापासून माहीत. लोण्याचे डबे बोटीवरून आले, तुम्ही एकेक फोडून पातेल्यात पालथे घातलेत, आणि मी तिथेच अंडी फेटत होते. बघत होते.

का बोलले नाही? आठवतंय का तुम्हाला त्या आठवड्यात काय झालं होतं? ते गुलाब मी केले होते. चाळीस गुलाब! साखर पाट्यावर वाटून, मलमलीतून गाळून, अंड्याच्या पांढऱ्यात मळून. वैशाखातली आपली खारी हवा, पाकळी उभी राहीना. मी आपली पंख्याने वारा घालत बसलेली. आणि रिबकाबाईंनी दुकानात येऊन ते पाहिले, कौतुक केलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "ही कला साहेबाकडे शिकलो." मी तिथेच उभी! नंतर बोलले, तर दोन कामकऱ्यांदेखत म्हणालात, "तुला काय कळतं केकातलं? भाकऱ्या थाप जा."

म्हटलं, ठीक आहे. मला काही कळत नाही ना? मग होऊ दे एकदा फजिती. जिरू दे जरा. मला वाटलं होतं, रिबकाबाई तिथल्या तिथे विचारतील, तुम्ही ओशाळाल, आणि संपेल. अख्खा मांडव ताटल्या खाली ठेवील असं वाटलं नव्हतं हो.

आणि सगळ्यात वाईट ते पुढचं आहे. गाडीत पेंढा घालून त्यावर केक ठेवला, तुम्ही वर छत्री धरून बसलात, आणि गाडी हलायच्या आधी मागे वळून मला विचारलंत, "अगं, काही राहिलं का?" जन्मात कधी विचारत नव्हतात, आणि त्या दिवशी विचारलंत! मी म्हटलं, "नाही. काय राहायचंय?"

दोन वाजले. थांबते जरा. केक निवला का ते बघून येते.

निवलाय. तडा गेला नाही, देवाची कृपा. हा तिसरा. तुम्ही हसाल, पण चार दिवस मी बिनलोण्याच्या केकाच्या मागे लागले आहे. पहिला केला नारळाच्या दाट दुधात. भट्टीतून निघाला तो नुसता गच्च गोळा, भिंतीवर मारला असता तर चिकटला असता. दुसऱ्यात बाजारचं खोबरेल घातलं. घरभर वास सुटला, आणि चव अशी की न्हाऊन केस विंचरायला बसल्यासारखं वाटलं! मग आठवलं, साराबाई नारळाचं दूध मंद आंचेवर आटवून घरी तेल काढायच्या, त्याला गोड वास यायचा. काल उपासनेहून आले आणि नारळ खवायला बसले. आज सकाळी शेवटचे पाव निघाल्यावर सुरूची लाकडं बाहेर ओढली आणि उरलेल्या उबेवर केक लावला. अंडी प्रत्येक वेगळ्या वाटीत फोडून पाहिली. रक्ताचा ठिपका असलेलं अंडं त्यांना चालत नाही. एक निघालं तसं, टाकलं.

तुमचं मोठं पातेलं मात्र वापरलं नाही. वीस वर्षांचं लोणी मुरलंय त्यात. ते त्यांच्या केकाला कसं चालेल? नवं तांब्याचं घेतलं, कल्हई करून आणली. तुमचं खुंटीलाच आहे. काल त्याच्याकडे पाठ करून काम केलं.

आणि प्रश्न लिहून काढले आहेत. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. जेवणात काय? केक पंगतीच्या आधी की नंतर? म्हातारी माणसं किती, त्यांना दात आहेत का? दारू चालेल की मनुका पाण्यात भिजवू? केकावर नावं कुठल्या लिपीत? पुन्हा पुन्हा वाचते आहे. पण खरा प्रश्न या कागदावर नाहीच. त्यांना सांगू का मी? की मला ठाऊक होतं म्हणून? सांगितलं आणि त्या उठून गेल्या तर? आळीत, बाजारात, सगळीकडे होईल, 'नवरा निदान अडाणी होता, बायकोने जाणूनबुजून केलं.' मग केक राहू दे, माझ्या हातचा पाव तरी कोण घेईल?

आणि नाही सांगितलं तर? तर तो दोष तुमच्या एकट्याच्या नावावर राहणार. तुम्ही तर आता बोलायलाही नाही.

शेवटच्या महिन्यात तुम्हाला विचारणार होते मी, की तुम्हाला माझा कधी संशय आला का? पण दम्याने तुमचा जीव असा घाबरा व्हायचा, की धीर झाला नाही. त्याच महिन्यात एकदा पांढरा कोट चढवून निघालात. कुठे म्हटलं तर म्हणालात, न्हाव्याकडे. आणि दोन तासांनी धापा टाकत परत आलात ते दाढीचे खुंट तसेच! मी किती भांडले. "मरायला जाता का उन्हात?" म्हणाले. असा शब्द तोंडून गेला माझ्या.

साडेतीन झाले. लुगडं बदलते.  तुम्हालाही गिऱ्हाईकाची अशी भीती वाटायची का हो, आणि ती बडबड त्यासाठीच होती का? हे मला आजच सुचतंय बघा.

परत बसले आहे. दिवेलागण झाली. कंदिलाच्या उजेडात लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या.

त्या आल्या. बरोबर चारला. बरोबर मोझेल. रिबकाबाई थकल्या आहेत आता, गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढल्या. बाकावर बसल्या. भट्टीकडे पाहिलं, खुंटीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. "किती वर्षांनी आले गो!" म्हणाल्या.  हातातला प्रश्नांचा कागद उलटा धरलाय हेही मोझेलनेच दाखवलं.

मी एकदम म्हटलं, "रिबकाबाई, त्या लग्नाचं..."

त्यांनी हात वर केला. "थांब. आधी मला बोलू दे. तुझ्या माणसाने तेव्हा बोलू दिलं नव्हतं."

 म्हटलं, आता ऐकायचं.

"भादव्यात तुझा नवरा आमच्या दारात आला होता," त्या म्हणाल्या. "पांढरा कोट घालून. पायऱ्या चढवेनात, म्हणून खालच्याच पायरीवर बसला. आमचा मोठा उपास जवळ आला होता. त्या दिवसांत आम्ही एकमेकांची माफी मागतो. कुणाला विचारून आला होता कोण जाणे, पण दिवस नेमका धरला त्याने."

न्हावी! अहो, तो तुमचा न्हावी!

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाला, बाई, चुकलो, माफ करा. आणि म्हणाला, ते गुलाब माझे नव्हते, बायकोचे होते, मी खोटं सांगितलं. मी म्हटलं, गुलाब आमच्या पोरींनी तेव्हाच काढून घेतले होते, साखरच ती, त्यात कुठे लोणी? थोरलीने एक अजून डबीत ठेवलाय. ते ऐकून रडला गो तो." त्या माझ्याकडे वळल्या. "मग म्हणाला, माझी बायको तुमच्या लोकांच्या शेजारात वाढली. तिला सगळं ठाऊक होतं. ती सांगत होती, मीच तिला गप्प केलं. धाकटीच्या लग्नाचा केक तिच्याकडून घ्या. ती विचारील."

ती सांगत होती!

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं हे तुम्हाला ठाऊक होतं. कधीपासून? त्याच दिवसापासून? गाडी परत येत असतानाच? आणि चौदा वर्षांत एकदा म्हणाला नाहीत! एवढी भांडणं झाली आपली, मिठावरून, सरपणावरून, माझ्या भावावरून. एकदा तरी तोंडावर फेकायचं होतं, 'तू कुठली शहाणी, तूच गप्प बसलीस!' मी तुमच्या दातखिळीला नावं ठेवत राहिले, आणि तुम्ही ती माझ्यासाठी धरली होतीत?

किती सोपं करून ठेवलं होतंत माझ्यासाठी. नुसती मान खाली घालून बसले असते तरी झालं असतं. रिबकाबाई मला बिचारी समजत होत्या, मोझेल माझ्याकडे मायेने बघत होती. शप्पथ सांगते, एक क्षण वाटलं, राहू दे असंच. पण तेवढ्यात वाटलं, हे तर परत तेच! पुन्हा मी बघत उभी, आणि तुम्ही छत्री धरून निघालेले.

म्हटलं, "नाही रिबकाबाई. ते खोटं बोलले. मी सांगत नव्हते. गाडी निघताना त्यांनी मला विचारलं होतं, काही राहिलं का म्हणून. मी नाही म्हटलं. मला ठाऊक होतं आणि मी नाही म्हटलं. रागात होते."

 मोझेलने आईकडे पाहिलं. रिबकाबाई पदराशी चाळा करत बसल्या. मला वाटलं, आता उठतील. मी खरंच दाराकडे पाहिलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "एवढ्या दम्यात, एवढ्या उन्हात, तो खोटं बोलायला आला होता?"

मला जे रडू आलं! तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडले नव्हते. मोझेलने माठातलं पाणी आणून दिलं. माझ्याच दुकानात गिऱ्हाईक मला पाणी देतंय!

रिबकाबाईंनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, "राग आला होता मला तेव्हा. आताही थोडा आलाय, खोटं का सांगू? पण तू आज सांगितलंस. बरं, रडणं पुरे. तू विचारशील असं म्हणाला होता तो. मग विचार!"

मी डोळे पुसले. कागद सुलटा केला. पहिला प्रश्न वाचला.

"जेवणात काय आहे?"

"मटण," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मोझेल हसली. मीही हसले, नाक ओढत.

सगळं विचारलं मग. सगळं! त्यांनीही विचारलं, पातेलं कुठलं, तेल कुठलं, अंडी कशी फोडलीस. नवं पातेलं हातात घेऊन आतून बघितलं. मग तुकडा तोंडात घातला.  बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वेलची कमी आहे." अहो, कमीच होती! पुढच्या वेळी दोन जास्त घालीन. मृगाच्या आधी लग्न आहे. चाळीस गुलाब सांगितलेत, आणि मोझेलने बजावलं आहे की डबीत ठेवायचा एक वेगळा द्यायचा.

गाडीबरोबर मी जाणार आहे. छत्री मीच धरीन. मांडवात कुणी विचारलं की केक कुणी केला, तर म्हणेन, मी केला, आणि करायला माझ्या नवऱ्याने पाठवलं. दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी विचारीन, मग बोलेन. आणि रागात असले, कितीही रागात असले, तरी ठाऊक असलेलं पोटात ठेवणार नाही. हा माझा शब्द तुम्हाला.

तुम्ही विचारलं होतंत, काही राहिलं का. राहिलं होतं हो. आज सांगितलं.

तुमचीच,
तारा